सात नंबरची बाई

"आता मी सांगते ते तुमच्यातल्या एकालाबी पटायचं न्हाय," मांडी घालता घालता प्रयागबाईंनी जाहीर केलं. "पर ज्या दिवशी मला कांद्याच्या बराखीत कोंडलं, त्या दिवशी भर दुपारच्याला बिबट्या आला. दाराम्होरं बसला. आन माझं समदं ऐकून पंजानं डोळं पुसायला लागला!"

पडवीत कुणी हसलं नाही. बिबट्याचं काही नवल नव्हतं. आमच्या जुन्नर-आंबेगावात बिबट्या उसात जन्मतो, विहिरीत पडतो, लग्नाच्या मांडवात शिरून पंगत उठवतो. उद्या तो सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहिला, तरी लोक आधी पॅनल कुठलं ते विचारतील. तेव्हा बिबट्या रडला हे पोखरकरांच्या घरात सहज खपून गेलं असतं. या कहाणीत न खपणारा शब्द एकच होता आणि तो म्हणजे 'मला'.

कारण सत्ताण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात बराखीत प्रयागबाई नव्हत्याच. आत होती त्यांची धाकटी जाऊ सगुणा. ती आत्ता चार हातांवर, दाराच्या चौकटीला टेकून लसूण सोलत बसली होती. हे प्रयागबाईंना ठाऊक होतं. त्यांचे मालक सावळेराम यांना ठाऊक होतं. सगुणेचा नवरा संपत याला ठाऊक होतं. आणि जिच्या कौतुकासाठी हा गोतावळा जमला होता, त्या उज्ज्वलेला, म्हणजे प्रयागबाईंच्या पोटच्या लेकीला, तर वयाच्या अकराव्या वर्षापासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या फरहाला. ती जुन्नरची पोरगी, उज्ज्वलेच्या हाताखाली पीएच.डी. करणारी. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून ती प्रयागबाईंकडे डोळे मोठे करून बघत होती.

एवढ्या जाणत्या माणसांच्या तोंडावर बाईनं ही थाप मारायची हिंमत केली कशी? त्यासाठी आदल्या दिवशी घोडेगावच्या हॉलमध्ये जायला हवं.

उज्ज्वला पुण्यात प्राध्यापक. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या बायांना कोण कोण कसं कसं हाणतं, कोंडतं, बदनाम करतं, हे ती गेली पंधरा वर्षं जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडून लिहून घेत होती. लेक काय करते असं कुणी विचारलं, की प्रयागबाई "बायांस्नी मारलं की ती लिहून घेती" असं सांगून मोकळ्या व्हायच्या, आणि समोरच्याचा चेहरा पडला की स्वतःच ओशाळायच्या. दुसऱ्यांच्या पोरी डोळ्यांच्या डॉक्टर, दातांच्या डॉक्टर. हिची डॉक्टरकी अशी, की साधा ताप उतरत नाही.

पण त्या दिवशी हॉल भरला. स्टेजवर उज्ज्वला, तिच्या खांद्यावर शाल, पुढ्यात तिचं पुस्तक, 'उंबऱ्यातली निवडणूक'. पुस्तकात एक्केचाळीस बाया. नाव एकीचंही नाही, नुसते नंबर. पाहुणे म्हणून आलेल्या निवृत्त मास्तरांनी सात नंबरच्या कहाणीतली दोन पानं वाचली. तीन दिवस बराखीत कोंडलेल्या बाईची. वाचता वाचता मास्तरांचा चष्मा धुकटला, बायांचे पदर डोळ्यांना गेले. मागच्या रांगेतला एक फेटेवाला उठून उभा राहिला आणि त्याच्या मागोमाग अख्खा हॉल उभा राहिला. मग उज्ज्वला माईकवर आली आणि म्हणाली,

"मी आज जी काही आहे, ती सात नंबरच्या बाईमुळं."

दुसऱ्या रांगेत नवं लुगडं नेसून बसलेल्या प्रयागबाईंच्या छातीत कुणीतरी निखारा टाकला. नऊ महिने कुणी वागवलं हिला? सात नंबरनं? गोवर आला तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? त्यांनी मान न वळवता शेजारी पाहिलं. सगुणा समोर बघत होती आणि तिनं डावा हात पदराखाली घेतला होता. त्या हाताची दोन बोटं सत्ताण्णवपासून वाकडी आहेत.

जळफळाट काही कालचा नव्हता. सरपंचपद बायांसाठी राखीव झालं तेव्हा प्रयागबाईंनी मंचरला जाऊन, केसांना तेल लावून फोटो काढून आणला होता. घरातली थोरली सून, तीच उभी राहणार, यात शंका कसली? सावळेरामांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "सगुणा सातवी शिकल्याली हाय. तिलाच उभी करू." फोटो पुढे बँकेच्या पासबुकाला लागला.

सगुणा सदस्य म्हणून निवडून आली खरी, पण सावळेरामांचा आतून सौदा झालेला होता. विरोधी पॅनलचा पुढारी धर्माजी, त्याची सून सरपंच करायची आणि बदल्यात सावळेरामांनी सोसायटीचं चेअरमन व्हायचं. सरपंच निवडीआधी सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना देवदर्शनाला घेऊन जायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. सगळ्यांना जीपमध्ये घालून शिर्डीला धाडलं, राखणीला संपत. सगुणा जीपमध्ये चढली नाही. "मी देव बघाया निवडून आले न्हाई," म्हणाली. मग सरपंच निवड होईपर्यंत तिला बराखीत घातलं. बराखीच्या भिंती बांबूच्या पट्ट्यांच्या, कांद्याला वारा लागावा म्हणून फटी ठेवलेल्या. दार मात्र पत्र्याचं, सबंध. छोटी उज्ज्वला शाळेतून आली की मागच्या फटीशी बसून काकीला आपला इतिहासाचा धडा मोठ्यानं वाचून दाखवायची. हिची सगळी प्राध्यापकी तिथूनच सुरू झाली म्हणा ना.

तर तो निखारा घेऊनच प्रयागबाई सकाळी मासवड्यांना बसल्या. दोघी जावा दोन चुलींशी. ओल्या फडक्यावर पिठलं थापायचं, वर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरायचं आणि फडकं उचलून असं वळवायचं की वडीला कुठे भेग दिसता कामा नये. प्रयागबाईंच्या मासवडीला चाळीस वर्षांत भेग गेलेली नाही. तेवढ्यात उज्ज्वला केस पुसत आत आली आणि काही न बघता सगुणेच्या ताटातली कडेची वडी उचलून तोंडात टाकली.

"काकी, हीच चव पुण्यात आठवते बघ."

प्रयागबाईंच्या हातातलं फडकं जरा जास्त जोरात वळलं. चाळीस वर्षांतली पहिली भेग गेली.

"आमच्या ताटातल्या वड्यांला काय ईख लावलंय व्हय गं, उजे?"

"अगं आई, जवळ होतं ते उचललं."

"व्हय. तुला जवळचं कोन, ते काल समद्या हॉलनं ऐकलंय."

सगुणेनं आपलं ताट हळूच थोरल्या जावेच्या बाजूला सरकवलं. त्यानं तर आणखीच झोंबलं.

जेवणं झाली आणि फरहा स्कूटीवरून आली. पिशवीत फॉर्मचा गठ्ठा. पडवीत चहा फिरला. एक फॉर्म तिनं प्रयागबाईंपुढे ठेवला, एक सगुणेपुढे.

"ह्ये काय गं, पोरी?" प्रयागबाई म्हणाल्या.

"मावशी, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय. काही बायका म्हणतात, आता नंबर नको, आमचं नाव छापा. ज्यांना वाटतं त्यांनी सही करायची. पुढच्या महिन्यात पुण्यात कार्यक्रम आहे, त्यांना स्टेजवर बोलावणार आहोत."

"मंग आमाला कशापायी?"

"आम्ही गावातल्या सगळ्याच बायकांना फॉर्म देतो. म्हणजे पुस्तकातली बाई नेमकी कोण, ते कुणाला कळत नाही."

"आन सात नंबर कोन?"

फरहा हसली. "ते मलापण माहीत नाही. यादी मॅडमच्या कपाटात. मॅडम मरतील, पण सांगणार नाहीत."

"आपल्या आईलाबी न्हाय?"

"आई, तो आमच्या कामाचा नियम आहे," उज्ज्वला कप खाली ठेवत म्हणाली. "बाईनं स्वतः सांगितलं तर सांगितलं. मी बोलायचं नाही. ही ती आहे, असं नाही. आणि ही ती नव्हे, असंही नाही."

लेकीचं हे शेवटचं वाक्य प्रयागबाईंनी मनातल्या मनात दोनदा फिरवून पाहिलं. ही ती नव्हे, असंही नाही! म्हणजे कुणी पुढे होऊन 'मीच ती' म्हटलं, तर ही जगातली सगळ्यात शिकलेली पोखरकर तोंडात मिठाची गुळणी धरून बसणार. संपत बोलणार नाही, थोरल्या भावापुढं तो आयुष्यात बोललेला नाही. सगुणा? ती सत्तावीस वर्षं गप्प आहे, एका दुपारीत थोडीच बोलायला लागेल. त्यांना तो हॉल दिसला. उठून उभी राहिलेली माणसं दिसली. या खेपेला पुण्यात, आणि समोर त्या स्वतः, आणि माईकवर उज्ज्वला म्हणतेय, 'मी आज जी काही आहे...'

"लिही मंग," प्रयागबाई म्हणाल्या. "सात नंबर मीच."

सावळेरामांची बशी ओठांशीच थांबली. लसणाची पाकळी सगुणेच्या हातून निसटून फरशीवर घरंगळत गेली. उज्ज्वलेनं आईकडं असं पाहिलं, की दुसरी बाई असती तर तिथंच विरघळली असती.

"आई, नीट विचार कर."

"का? न्हाय म्हनतीस? म्हन की! म्हन, ही ती न्हाय!"

उज्ज्वलेनं रिकामा कप पुन्हा उचलला. आईला 'नाही' म्हणायचं, तर घरात दुसरी बाई उरत होती एकच.

आता सावळेरामांचं बघा. गेल्या दिवाळीला विहिरीच्या वाट्यावरून नवराबायकोचं जे वाजलं होतं, तेव्हापासून दोघं एकमेकांशी फक्त मांजराच्या नावानं बोलत होते. पण तीस वर्षं राजकारण केलेला माणूस. त्यांनी बशी खाली ठेवण्याआधीच हिशेब केला. बायकोच कोंडलेली ठरली, तर कोंडणारा नवरा ठरत नाही. झालंच तर गावात सहानुभूती.

"खरं हाय," ते खाकरून म्हणाले. "हिलाच कोंडलं व्हतं. धर्माजीच्या पॅनलनं. मी साक्षीला हाय."

प्रयागबाईंनी दिवाळीनंतर पहिल्यांदा नवऱ्याकडं सरळ बघितलं. मनुष्य तसा वाईट नाही, असं त्यांना वाटून गेलं.

"पण पुस्तकात 'घरच्यांनीच' असं आहे," फरहा पानं चाळत म्हणाली.

"छापनाऱ्याची चूक असंल," सावळेराम म्हणाले.

"दादा, पर त्या टायमाला..." संपतनं घसा साफ केला.

"तू शिर्डीला व्हतास. तू प्रसादाचं काय ते सांग."

संपत पुन्हा आपल्या चहात उतरला.

आणि मग प्रयागबाईंनी मांडी घालून तो बिबट्या आणला. आणला तो आणला, त्याला दुसऱ्या दिवशीही बोलावला. दुसऱ्या दिवशी त्याच्यासंगं बिबटीण आली, तिनं बाईला बघून मान खाली घातली. तिसऱ्या दिवशी भीमाशंकराच्या रानातली शेकरू झाडावरून झाडावर उड्या मारत पार इथवर आली आणि फटीतून एक आंबा आत टाकून गेली. फरहानं शेकरूपाशी लिहिणं थांबवलं.

"मावशी, पुस्तकात त्या बाईची डाव्या हाताची दोन बोटं पट्टी उचकटताना मोडलीत."

चौकटीपाशी एक हात पदराखाली गेला. प्रयागबाईंनी बेधडक आपला डावा हात पुढे केला. त्याच्या अंगठ्यावर विळीची एक जुनी खूण होती.

"भरून आली बोटं. हळद लावली ना."

"दोन्ही?"

"लई हळद लावली."

संपतला ठसका लागला. उज्ज्वलेनं कपाळ चोळलं. फरहानं सभ्यपणानं पान उलटलं आणि बोट ठेवून म्हणाली, "आणि हे काल वाचलं नव्हतं. मी विचारलंय, म्हणजे मॅडमनी विचारलंय, की कुलूप कुणी लावलं? त्यावर बाई म्हणतात, 'बाईनंच लावलं, बांगड्यांवरनं वळखलं मी. तिचं नाव मी मरेस्तोवर घ्यायची नाही. माझी तिच्यावर अढी नाही.' मावशी, तुम्ही असं का म्हणालात?"

प्रयागबाईंना हे ठाऊक नव्हतं.

त्यांनी चौकटीकडं पाहिलं. सगुणा खाली मान घालून लसणाची टरफलं गोळा करत होती. अढी नाही? नाव घ्यायची नाही? फोटो तिला काढावा लागला नाही, फॉर्म तिचा भरला, निवडून ती आली, लेक तिची झाली, हॉल तिच्यासाठी उठला. आणि आता हे चांगुलपणही तिच्याच पदरात! प्रयागबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. माफीसुद्धा न विचारता देऊन बसली ही. एक गोष्ट तरी माझ्यासाठी ठेवायची होतीस गं बये.

"अढी कशी नसंल?" त्या एकदम कडाडल्या. "त्या कुलूप लावनारीला सोडायची व्हय? मी सांगते ना ती कशी व्हती ते! लिही तू. बिबट्या खोड, आन ह्ये लिही."

"आई, पुरे," उज्ज्वला म्हणाली.

"तू गप. तुझा नेम तुझ्यापाशी." आवाज मघाचाच होता, पण त्यात आता बिबट्याची ऐट नव्हती. "तिला किल्ली दिली आन सांगितलं, जा, लावून ये. ती गेली. कुलूप पितळंचं, देवाच्या पेटीवरचं काढल्यालं. भोकात मातेरं बसल्यालं, कुंभारमाशीचं. तिनं वाकून फुंकर मारली. जाईना. मंग डोक्यातली पिन काढली आन टोकरलं. मंग लुगड्याच्या काठानं पुसलं. घाई न्हवती तिला. म्हनाली मनाशी, कुनीतरी हाक मारून म्हागारी बोलवंल. कुनी बोलावलं न्हाय."

सावळेराम पडवीच्या पत्र्याकडं बघू लागले. मोबाईलवरचा तांबडा ठिपका लुकलुकत होता.

"किल्ली घातली तर फिरंना. एकदा फिरंना, दोनदा फिरंना. तिला वाटलं, न्हाय लागलं तर बरं व्हईल, जाऊन सांगीन, कुलूप मोडकं हाय. तिसऱ्या खेपंला लागलं. टक् करून. आन लई बरं वाटलं गं तिला." प्रयागबाईंनी ओठांवरून जीभ फिरवली. "लई बरं वाटलं. फोटो काढल्याला व्हता ना तिनं. मंग किल्ली कमरंला खोचली. तीन दिस ती तिथं गार लागायची. भाकर थापताना, निजताना. भर उन्हाळ्यात गार लागायची."

फरहाचं पेन तिच्या बोटांत तसंच राहिलं होतं. उज्ज्वला आईकडं बघत होती, पण मघाच्यासारखं नाही. सात नंबरवर अठ्ठावीस पानं लिहून जे हाती लागलं नव्हतं, ते समोर बसून बोलत होतं, असं काहीसं त्या नजरेत होतं. प्रयागबाईंना ती नजर ओळखू आली. काल स्टेजवरून सात नंबरसाठी तीच होती. ती एकदाची आपल्यावर पडली, या आनंदात आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"आता दे इकडं तो कागुद," त्या म्हणाल्या. "अंगठा कुठं करू?"

सगुणेनं टरफलांचं ताट बाजूला ठेवलं. आपल्यापुढचा कोरा फॉर्म उचलून तिनं फरहाकडं पेनासाठी हात केला. डावा. वाकड्या बोटांचा. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं सारखा केला नाही. थोरल्या दिरासमोर या घरात आजवर तिचा आवाज कुजबुजीच्या वर गेला नव्हता. आता तो पडवीच्या टोकापर्यंत सरळ गेला.

"आक्का, कुलूप दाराच्या भाईर व्हतं. मी आत व्हते. मला नुसता पत्रा दिसत व्हता."